धापूबाईचे थंड हात

आमच्या लूणवासात एखादीचं नाव खराब करायला फार काही लागत नाही. हिवाळ्याची सकाळ, चहाची टपरी आणि ‘तिचे हात तापले’ एवढे तीन शब्द पुरतात. बाहेरच्या माणसाला वाटेल, हात तापले तर तापले, त्यात काय एवढं. पण हे फीणीचं, सुतरफेणीसारख्या तारांच्या मिठाईचं, गाव आहे. इथं बाईचे हात तापले की तिच्या हातातलं तूप वितळलं, तूप वितळलं की फीणीच्या तारा एकमेकींना चिकटल्या, आणि तारा चिकटल्या की त्या घराची सात पिढ्यांची अब्रू कढईत गेली, असा इथला हिशेब. धापूबाईचं नाव गेल्या संक्रांतीला असंच खराब केलं. कुणी केलं ते मी सांगते. मला कुणाच्या बापाची भीती नाही.

मी पतासी. भूरामल कंदोई फीणीवाल्याच्या मागल्या दाराला लागूनच आमचं पत्र्याचं दुकान आहे. फीणीवाल्यांकडचे रिकामे डबे विकत घ्यायचे, कापून सरळ करायचे आणि त्यांच्या चाळण्या, नरसाळी, शेगड्या बनवायच्या, हा आमचा धंदा. आमचे हे कथलाचा डाग देतात, मी कापते, ठोकते आणि गिऱ्हाइकाशी भांडते. भूरामलच्या दुकानाला पुढून मोठी पाटी आहे, ‘शुद्ध देशी तुपाची फीणी’. आणि मागल्या दारानं जे डबे माझ्याकडे येतात त्यांच्यावर वनस्पतीचं नाव छापलेलं असतं. गावाला हे ठाऊक नाही असं मुळीच नाही. देशी तूप हाताच्या उबेला तग धरत नाही, त्याचा साटा ढिला पडतो, म्हणून भूरामलच्या बापाच्या वेळेपासून त्या घरात वनस्पतीच येतं. पण पाटी देशी तुपाची लावायची आणि गिऱ्हाइकानं ती वाचून मान डोलवायची, अशी रीतच पडून गेली आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आता साटा म्हणजे फीणीचा जीव. मैद्याच्या जाड दोरीला फेटलेलं तूप माखायचं, दुमडायची, ओढायची, पुन्हा माखायचं, पुन्हा ओढायची, असं करत करत केसासारख्या तारा निघतात. प्रत्येक तारेवर तुपाचं अस्तर राहिलं तर तळताना त्या सुट्या फुलतात. अस्तर पातळ होऊन ओघळलं तर सगळ्याचा मिळून एक गोळा. आणि तूप फार कडक असलं तर ओढतानाच तारा तुटतात, खाणाऱ्याच्या टाळूला मेण बसतं ते वेगळंच. म्हणून दिवाळी ते होळी एवढाच फीणीचा मोसम, आणि म्हणूनच साटा लावायला थंड हाताची बाई पाहिजे, असं हे लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत.

धापू ही बापाची चौथी मुलगी. पोट भरलं, आता मुली पुरे, हे देवाला कळावं म्हणून बापानं नावच धापू ठेवलं. देवानं ऐकलं नाही, तिच्या पाठीवर आणखी एक झाली, ते जाऊ दे. तिला बघायला भूरामलची आई मगनीबाई गेली ती वाटीत तुपाचा गोळा घेऊन. कंदोयांच्या या घरात सून अशीच बघतात. रंग नंतर, नाकडोळे नंतर, हुंडासुद्धा नंतर. आधी पोरीच्या तळहातावर सुपारीएवढा गोळा ठेवायचा आणि बायकांनी विनायकाचं एक गाणं म्हणायचं. गाणं संपायच्या आत गोळा ओघळला तर पाणीही न पिता उठायचं. धापूच्या हातावरचा गोळा कडेनं जरासा ओलसर झाला, पण उभा राहिला. मगनीबाईनं तिथल्या तिथं थोरल्या सोहनलालसाठी तिला पसंत केलं आणि मी हिमालयाची पोर आणली म्हणून गावभर सांगत फिरली.

मग त्या हातांचं जे काही केलं ते आठवलं की माझं डोकं फिरतं. मोसमात पहाटे उठून कोपरापर्यंत हात हौदाच्या पाण्यात. आमच्याकडची पौषातली पहाट, मिठाच्या तळ्यावरून खारं वारं सुटलेलं, आणि ही बाई हौदाशी वाकून उभी. चुलीपुढं बसायचं नाही. शेकोटीजवळ फिरकायचं नाही. चहाचा पेला धरायचा नाही, बशीत गार झालेला प्यायचा. भाकरी दुसऱ्यानं मोडून, वाफ जाऊ देऊन पुढं टाकायची. तळहाताला बारा महिने मेंदी, नटण्यासाठी नव्हे, थंडाव्यासाठी. सोहनलाल तरुणपणीच गेला. विधवेला काजळ नको, बांगडी नको, रंगीत ओढणी नको म्हणणारी मगनीबाई मेंदीपाशी आली तेव्हा मात्र म्हणाली, ती धंद्याची आहे, चालते. देवधर्माला असा मागला दरवाजा ठेवणारी माणसं मी फक्त याच घरात पाहिली.

तिची मुलगी रुकमा अडीच-तीन वर्षांची असताना ऐन मोसमात तापानं फणफणली. पोर आईसाठी आक्रोश करत होती आणि मगनीबाई खोलीच्या दारात आडवी उभी. तापलेलं पोर कवटाळून झोपलीस तर उद्या साटा कोण लावणार, लग्नाची ऑर्डर आहे, म्हणाली. रुकमाला दुसरीच कुणी घेऊन निजली. पोर जगली, मोठी झाली, नागौरकडे दिली. एकदा माहेरपणाला आली असताना माझ्या ओट्यावर बसून सहज बोलून गेली, “काकी, माझ्या आईचा हात मला कधी ऊबदार लागला नाही.” धापूबाई आतच बसली होती, तिनं ऐकलं. ओढणी सारखी करून ती घरी गेली.

मी तिच्या जागी असते तर सासूलाच हौदात बसवली असती. पण खरं सांगायचं तर धापूबाईला त्या हातांचा गर्व होता. असणारच. नाव असं, नशीब असं, नवरा गेलेला, घरात तिच्या शब्दाला किंमत नाही. पण पांढऱ्या दगडी पाटावर ती बसली की कढईवरचा माणूससुद्धा आवाज खाली करायचा. गिऱ्हाईक पुढून विचारायचं, धापूबाईच्या हातची आहे ना? तेवढं कानावर पडलं की ती दिवसभर खूष. आमच्या पत्र्याच्या कामाला ती हसायची. म्हणायची, “पतासी, तुझ्या हातात गोळा दिला तर वाटीसकट वितळेल.” मी म्हणायची, वितळू दे बाई, मला भाकरी तरी गरम मिळते.

गेल्या मोसमात सगळं बिनसलं. डबे तेच, नाव तेच. भूरामल रोज सकाळी नवा डबा फोडायचा आणि बापानं शिकवल्याप्रमाणे त्यात बोट रुतवून बघायचा. बोट रुतत नाही, म्हणजे तूप घट्ट आहे, म्हणजे बसा पाटावर. धापूबाई फेटायला लागली की तूप नेहमीसारखं पांढरंशुभ्र फुलायचं. पण दोरीला माखून चार वेळा ओढली, हाताची ऊब लागली, की ते तेलकट व्हायचं. तारा एकमेकींना धरून बसायच्या. कढईतून फीणीऐवजी थापटी निघायची. धापूबाई घाबरली. आधी ती पहाटे हौदाशी उभी राहायची, आता दुपारीही राहायला लागली. हातांना भेगा पडल्या, त्यातून रक्त यायला लागलं, तरी पाण्यातून काढेना. साटा काही धरेना.

आणि आली संक्रांत. आमच्याकडे संक्रांतीला माहेरची फीणी लेकीच्या सासरी जाते. नुसतं गोडधोड नव्हे ते, माहेरची पत असते ती. धान्याचे व्यापारी जेठमल यांनी भूरामलकडून फीणी घेऊन मुलीच्या सासरी पाठवली. विहीणबाईंनी डबा जसाच्या तसा परत धाडला. वर निरोप, तुमच्या गावी मुलीला फीणी देतात की भांडी पुसायचं फडकं? जेठमल तो डबा काखेत मारून भर गर्दीच्या वेळी दुकानात आले आणि उघडून गल्ल्यावर ठेवला.

भूरामलला उत्तर द्यायचं होतं. तूप बिघडलंय म्हणावं, तर डोक्यावर पाटी, शुद्ध देशी तुपाची. देशी तूप कसं बिघडलं, कोणत्या गाईचं बिघडलं, कोण सांगणार? कढईवरच्या माणसाला बोलावं तर तो उद्या शेजारच्या दुकानात जाऊन उभा राहील. मग राहिलं कोण? त्यानं आतून धापूबाईला हाक मारली. ती ओल्या हातांनी बाहेर आली. चारचौघांत, सून बघताना ठेवतात तसा, त्यानं तिच्या तळहातावर तुपाचा गोळा ठेवला. विनायकाचं गाणंबिणं कुणी म्हटलं नाही. गोळा बघता बघता बोटांमधून ओघळून तिच्या पायावर पडला.

“बघा, शेटजी,” भूरामल म्हणाला, “भाभींचे हात तापलेत. वय झालं. आपलं माणूस म्हणून किती दिवस झाकायचं?”

जेठमल शेटना पटलं. सगळ्यांनाच पटलं. वड्याचं तेल वांग्यावर काढायला या गावात कुणाला फार वेळ लागत नाही. धापूबाई मात्र आपल्या तळहाताकडे अशी बघत राहिली, जणू तो दुसऱ्या कुणाचा असावा.

त्या दिवसापासून तिला पाटावरून उठवलं. लाकडं मोजून घे, मैदा चाळ, अशी कामं तिच्या वाट्याला आली. पुढच्या आठवड्यात भूरामलची बायको भंवरी म्हणायला लागली, की भाभींनी आता रुकमाकडे जाऊन राहावं, चार दिवस आराम करावा. आराम. आमच्यात आईबाप लेकीच्या घरी पाणीसुद्धा पीत नाहीत, आणि ही तिला जावयाच्या भाकरीवर धाडायला निघाली होती. त्यापेक्षा वेशीवर नेऊन बसवली असती तर बरं. खरी गोष्ट अशी, की भूरामलच्या धाकट्या मुलाचं, दिनेशचं, लग्न काढायचं होतं आणि खिडकीची खोली एकच होती, धापूबाईची. होळी झाली की मीच सोडून येतो, असं भूरामलनं जाहीर करून टाकलं.

माझा सगळ्यात जास्त संताप कुणावर झाला म्हणाल, तर तो धापूबाईवरच. कारण तिनं हे मान्य केलं. बोचकं बांधायला घेतलं. मी विचारलं तर म्हणाली, माझेच हात नासले, कुणाला काय बोलू. मी तिला वाट्टेल ते बोलले. ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली.

दोनच दिवसांनी मी अंगणात डबे धुवायला काढले. हे काम मोठं किचकट. डब्याच्या कोपऱ्यांत तूप चिकटून राहतं, ते काढायला दर हिवाळ्यात उकळतं पाणी आणि राख घेऊन घासावं लागतं. त्या दिवशी पाणी तापेपर्यंत मी डबे भिंतीशी उन्हात पालथे घातले होते. येऊन बघते तर तूप आपणहून खाली गळून मातीत जिरलेलं, मुंग्या लागलेल्या. माघाच्या उन्हानं डबे आपोआप साफ झालेले मी जन्मात पाहिले नव्हते. तेवढ्यात जयपूरच्या व्यापाऱ्याचा माणूस लियाकत भूरामलच्या मागल्या दाराशी टेम्पोतून भरलेले डबे उतरवत होता. त्याला मी ओट्यावर बसवलं, चहा दिला आणि विचारलं, हे तूप असं काय आहे?

“काकी, जुनं तूप बंद झालं,” लियाकत म्हणाला. “तेल थिजवून ते करायची जी तऱ्हा होती ती तब्येतीला वाईट, म्हणून सरकारनं बंद करायला लावली. आता दुसऱ्या तऱ्हेनं थिजवतात. तूप म्हणजे काय, थोडे गोठलेले कण आणि थोडं तेल. कणांनी तेलाला धरून ठेवायचं. थंडीत बोट लावाल तर जुनं आणि नवं दोन्ही टणकच लागतं. पण उबेला जुन्यातले कण टिकायचे, नव्यातले विरघळून जातात. मग तेलाला धरणार कोण?”

मग करायचं काय, असं मी विचारलं, तर म्हणाला पापुद्र्याच्या कामाचा निराळा डबा येतो, त्यात कण जास्त, पण तो महाग पडतो.

“भूरामलला हे सांगितलंस का?”

“दिवाळीतच सांगितलं होतं. म्हणाले, बोटाला तर घट्ट लागतंय, जास्त पैसे कशाला घालू. संक्रांतीनंतर परत सांगायला गेलो, तर म्हणाले, आता बोलू नकोस, निस्तरलंय मी.”

निस्तरलंय. त्या एका शब्दानं माझ्या अंगाची लाही लाही झाली. म्हणजे ह्याला माहीत होतं. भर दुकानात वहिनीच्या हातावर गोळा ठेवताना तो वितळणार हे ह्याला माहीत होतं. चोराच्या उलट्या बोंबा मी पुष्कळ ऐकल्या आहेत, पण हा चोर आपल्याच घरातल्या म्हातारीला चोर ठरवून वर तिच्या खोलीत मुलाचा पलंग टाकायला निघाला होता.

कात्र्यांना गंज चढू नये म्हणून मी जुन्या डब्यातलं थोडं तूप एका डबीत ठेवलेलं असतं. ते आदल्या मोसमातलं, तूप बदलायच्या आधीचं होतं. ती डबी घेऊन मी तशीच धापूबाईच्या खोलीत गेले, दार लावलं आणि लियाकत काय म्हणाला ते सगळं सांगितलं. तिचा विश्वास बसेना. तेव्हा मी तिच्या तळहातावर जुन्या तुपाचा गोळा ठेवला आणि म्हटलं, म्हण तुझा विनायक. तिनं म्हटला. गोळा जागचा हलला नाही. मग तेवढाच गोळा मी माझ्या तळहातावर घेतला. मी दिवसभर डागाच्या शेगडीपाशी बसणारी बाई, माझा हात म्हणजे तवा. तिनं पुन्हा गाणं म्हटलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. माझ्याही हातावर गोळा तसाच बसून राहिला. कडेला जरासा ओलसर, बस.

मला वाटलं होतं, आता ही हसेल, उठेल, दिराच्या झिंज्या धरायला निघेल. ती माझ्या हाताकडेच बघत होती.

“म्हणजे माझे हात कधी थंड नव्हतेच,” ती म्हणाली. “सगळ्यांसारखेच होते.”

मी हो म्हटलं.

“मग मी त्या रात्री रुकमाला जवळ का नाही घेतलं, पतासी?”

मी डबीचं झाकण लावलं आणि तिच्याजवळ बसून राहिले. मला रडू येत नाही, राग येतो. त्या दिवशी दोन्ही आलं.

दिनेशसाठी मुलगी बघायला शेजारच्या गावी जायचं ठरलं तेव्हा भूरामलनं धापूबाईला बरोबर घेतलं. घ्यावंच लागलं, कारण गोळा घरातल्या थोरल्या बाईनं ठेवायचा असतो, आणि मगनीबाई वारल्यापासून थोरली तीच. ती नसती तर नातेवाइकांनी कारण विचारलं असतं. विनायक म्हणायला मला नेलं, माझा आवाज मोठा आहे. वाटीतला गोळा त्याच नव्या तुपाच्या डब्यातला होता. मला वाटेत राहवेना, मी भंवरीला म्हटलं, अगं, हा कुणाच्याच हातावर टिकायचा नाही. ती म्हणाली, खऱ्या थंड हाताची मिळाली तर टिकेल, आणि मग महागाचा डबाही घ्यायला नको. पैसे वाचवायला ही माणसं सून शोधायला निघाली होती. अकलेचे दिवे लावावेत तरी किती.

मुलीचं नाव सुगना. उंच, सावळी, डोळ्याला डोळा देऊन बघणारी. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. तिनं हात पुढं केला, धापूबाईनं गोळा ठेवला, आम्ही गाणं धरलं. दुसरं कडवं लागायच्या आत तूप तिच्या मनगटापर्यंत आलं. भंवरी ओढणी सावरून उठायला लागली. सुगनाच्या बापाचा चेहरा उतरला. तो बिचारा आतून पाण्याचे पेले आणायला सांगत होता, तसाच थांबला.

“बसा सगळे,” धापूबाई म्हणाली. “भूरा, हात दाखव.”

भूरामल हसला. पण भावी व्याह्यांच्या घरात थोरल्या वहिनीला नाही कसं म्हणणार? त्यानं हात पुढं केला. तिनं वाटीतला उरलेला गोळा त्याच्या तळहातावर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. बाकीच्या बायका गप्प झाल्या होत्या. मी एकटीनं गाणं म्हटलं, चांगलं खडा आवाज लावून. तूप ओघळत ओघळत त्याच्या घड्याळाच्या पट्ट्यात शिरलं.

“पोरीच्या हातात दोष नाही,” धापूबाई म्हणाली. “माझ्याही नव्हता. वनस्पतीच्या डब्यात फरक पडलाय, आणि ते ह्याला दिवाळीपासून माहीत आहे.”

सुगनाचे वडील म्हणाले, वनस्पती? पण तुमच्या पाटीवर तर… आणि मध्येच थांबले. पंचक्रोशीतल्या प्रत्येकाला माहीत असलेली गोष्ट पहिल्यांदाच कुणीतरी तोंडानं बोललं होतं. भूरामल घड्याळ पुसत राहिला. सुगनानं ओढणीला हात पुसले.

“बाबा, मला ह्या घरात द्यायची नाही,” ती म्हणाली. “हात गार ठेवायला मी काय माठ आहे?”

त्या दिवशीही आम्ही पाणी न पिताच उठलो. फरक एवढाच, की या वेळी पाणी त्यांनी विचारलं नाही.

परतताना जीपमध्ये भूरामलच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. घराण्याचं नाक कापलं, उद्याच्या उद्या नागौरला सोडतो, होळीची वाट कोण बघतो. घर आलं तेव्हा उतरता उतरता धापूबाई म्हणाली, “खोली माझ्या नवऱ्याच्या हिश्श्याची आहे, भूरा. मी तिथंच मरणार. पाटावर मात्र बसणार नाही.” आत जाऊन तिनं बांधलेलं बोचकं सोडलं आणि कपडे परत खुंटीला लावले. हिश्श्याची गोष्ट इतक्या वर्षांत तिला कधी सुचली नव्हती, आणि त्या घरात तिला ती सुचवणारं कुणी नव्हतं.

पुढं काय झालं ते अख्ख्या बाजारानं पाहिलं. भूरामलनं झक मारत महागाचा डबा आणला आणि किशनगढहून एक बाई बोलावली. त्या डब्यात कण जरा जास्तच. बाई ओढायची आणि तारा तुटायच्या, कढईत नुसता चुरा. जे काही निघालं ते खाऊन लोक म्हणायला लागले, फीणी आहे की मेणबत्ती, टाळूला चिकटून बसते. मग दोन्ही डबे मिसळून बघितले, पण किती मिसळायचं, किती फेटायचं हे कुणाच्या हाताला कळेना. पाटी मात्र त्यानं खाली उतरवली नाही. उलट रंगवून घेतली. अक्षरं आता आणखी ठळक दिसतात.

होळीच्या आदल्या आठवड्यात मी धापूबाईला एक शेगडी करून दिली. भूरामलच्याच डब्याची, बाजूनं वनस्पतीचं नाव दिसेल अशी मुद्दाम ठेवलेली. त्या घरात आल्यापासून तिच्या खोलीत पहिल्यांदा विस्तव पेटला. मी तिच्यापाशी बसले होते तेव्हा भूरामल दारात आला. आत यायची हिंमत झाली नाही, उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. होळीच्या ऑर्डरी अंगावर आल्या होत्या.

“भाभी,” तो म्हणाला, “दोन्ही डबे फोडून ठेवलेत. तुम्हीच येऊन बघा आता. तुमच्याशिवाय कुणाला जमत नाही.”

धापूबाईनं मान वळवली नाही. भेगाळलेले दोन्ही तळहात तिनं निखाऱ्यांवर धरले होते. मेंदीचा रंग पार उडून गेला होता. ती हात उलटे करी, परत सुलटे करी.

“आज नाही जमायचं, भूरा.”

“का?”

“रुकमा यायचीय दुपारच्या गाडीनं,” ती म्हणाली. “तिच्यासाठी हात तापवतेय.”